वल्हं कधी वर करायचं

एक होती नदी. राजा नाही, राणी नाही, नुसती नदी. राजे रोजच ऐकता, आज नदी ऐका. टिकू, पाय पांघरुणात घे आधी. हां, आता कसं.

तर त्या नदीचं नाव धावरी. डोंगराच्या पोटातून निघायची आणि उतारवाडी नावाच्या गावाशी येऊन जरा दम खायची. तिथं पाणी इतकं शांत की वरचं आभाळ खाली पडलेलं दिसायचं. उतारवाडीत सगळे नावाडी. लोकांना या काठावरून त्या काठावर न्यायचे. त्यांची होडी कशी, तर आंब्याचं एक जाडजूड खोड घ्यायचं आणि आतून कोरून काढायचं. झाली होडी. तिला म्हणायचे डोणी. आणि ती चालवायला वल्हं. वल्हं माहीत आहे ना, ईरा? लांब दांडा आणि टोकाला पिंपळाच्या पानासारखं चपटं पातं. पाण्यात घालायचं आणि मागं ओढायचं.

गावाच्या खाली मात्र नदी एकदम वळायची आणि दोन उंच कड्यांच्या मधे शिरायची. तिथं तिचा आवाज बदलायचा. धडाड्, धडाड्, धडाड्! पाणी पांढरंशुभ्र व्हायचं, दगडांवर चढायचं, उड्या टाकायचं. त्या जागेला म्हणायचे आईची घळ. त्या घळीत गेलेलं काही परत आलेलं नव्हतं. डोणी नाही, लाकूड नाही, माणूस नाही.

मग गावातल्या म्हाताऱ्यांनी काय केलं? मोठी माणसं अशीच असतात, बरं का. ज्याची भीती वाटते त्याच्यापुढं दिवा लावतात आणि मोकळी होतात. त्यांनी ठरवलं, घळ म्हणजे नदीआईचं देऊळ. देवळात काठी आपटत जातात का? नाही ना? मग घळीत वल्हं पाण्याला लावायचं नाही. कुणाची डोणी तिकडं ओढली गेलीच, तर बसल्या जागी वल्हं दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरायचं. आई नेईल तिकडं जायचं. अशी रीत. पोरं चालायला शिकायच्या आधी ही रीत शिकायची.

त्या गावात होती एक मुलगी. नाव पवळा. अंगानं सडसडीत, वल्हं मारण्यात पटाईत, आणि तोंड वल्ह्याहून जलद. तिचे बाबा हैबती. गावातले सगळ्यात तरबेज नावाडी, आणि डावखुरे. हे डावखुरे म्हटलेलं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

तीन वर्षांपूर्वी पुरात हैबतीच्या डोणीचा दोर तुटला. हैबती डोणीतच होता. डोणी निघाली घळीकडं. सगळं गाव काठानं धावतंय आणि ओरडतंय, "हैबती, वल्हं वर! वल्हं वर!" हैबतीनं वल्हं वर केलं. डोणी आडवी झाली, तिनं एक गिरकी घेतली आणि घळीत शिरली. सगळ्यात शेवटी दिसलं ते उंच धरलेलं वल्हं. मग तेही दिसेना.

गावानं काठावर एक दगड उभा केला. त्याला शेंदूर लावला. म्हणाले, "हैबती आईकडं गेला."

पवळा म्हणायची, "गेला म्हणजे? कुणी पाहिलं?"

"गप्प. असं विचारू नये."

रोज हेच. तिनं विचारायचं, त्यांनी गप्प म्हणायचं. तीन वर्षं.

मग एकदा काय झालं. श्रावण सरत आला होता. त्या दिवसांत महाशीर मासे खालून वर येतात. पाणी खाली धावतं आणि हे वर धावतात. धबधब्यावरून उड्या मारतात, पण थांबत नाहीत. पवळा काठावर राखेनं भांडी घासत होती. तर तिच्या पुढ्यात एक मासा येऊन उभा राहिला. हातभर लांब. खवले कसे, तर एकेक खवला नव्या पितळेसारखा. आणि शेपटीशी काय? लाल चिंधी. गाठ मारून बांधलेली.

पवळानं हात पुढं केला. मासा पळाला नाही, हं. तिनं चिंधी शेपटीवरून अलगद सरकवून घेतली, तोवर तसाच थांबला. मग एक झटका दिला आणि गेला.

पवळानं गाठ पाहिली, आणि तिच्या दुसऱ्या हातातली राखच खाली पडली.

कारण उतारवाडीत प्रत्येक घराची गाठ वेगळी. कुणाचे दोन वेढे, कुणाचे तीन. डोणी कुणाची ते दोराच्या गाठीवरून ओळखायचे. ही गाठ पवळाच्या घरची होती. दोन वेढे आणि एक फास. आणि फास उलटा होता, डाव्या हाताचा. असा फास आख्ख्या गावात एकच माणूस मारायचा.

कोण? बरोबर. हैबती.

ती धावत गेली तुळाजीआबांकडं. आबा म्हणजे गावातले सगळ्यात वयस्कर नावाडी. पांढऱ्या मिशा, वाकलेली पाठ, आणि त्यांचा शब्द शेवटचा. आबांनी चिंधी लांब धरून पाहिली.

"शेवाळ असेल."

"लाल शेवाळ, आबा?"

"मग पुरात आलेली कुणाची तरी चिंधी."

"आणि गाठ कुणी मारली? माशानं?"

आजूबाजूचे हसले. आबा हसले नाहीत. म्हणाले, "पोरी, आईनं नेलेलं परत मागू नये."

"मी मागत नाहीये. मी आणायला चाललेय."

आबा रागावले, पुष्कळ बोलले. पण पवळा हटेना. शेवटी ते काठीवर रेलून म्हणाले, "एवढंच कर. घळीत शिरलीस की वल्हं वर. मला वचन दे."

पवळानं दात आवळले आणि म्हणाली, "बरं."

मग ती घरी गेली आणि आईसमोर चिंधी धरली. आईचं नाव ठकू. तिनं गाठीवरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा, तीनदा. मग उठली आणि चुलीवर राळ पातळ करायला ठेवली. डोणीच्या भेगा बुजवायला राळ लागते. आईनं एकेक भेग बुजवली. हैबतीचं जुनं, दुसरं वल्हं आणलं, तेही डोणीत बांधलं. भाकऱ्या दिल्या. आणि एवढंच म्हणाली, "दोन वल्ही नेतेयस. दोघं या."

पवळा निघाली.

शांत पाणी संपलं. कडे जवळ आले. आभाळ होतं केवढं, आणि झालं केवढं! रिबिनीएवढं. ऊन वरच राहिलं. आवाज असा की कानात मावेना. डोणीचं लाकूड थरथरायला लागलं, पवळाचे दात थरथरायला लागले, आणि मग तिला काही ऐकूच येईना. खूप मोठा आवाज झाला ना, की तो शांततेसारखाच होतो. कड्यावर आग्या मोहोळं लटकलेली, घागरीएवढाली. खडकात हे मोठ्ठे गोल खळगे, रांजणासारखे, आणि प्रत्येकात एक गोटा, आपला आपण फिरतोय. हजार वर्षं फिरतोय. कुणी बघायला आलेलं नाही, तरी फिरतोय. पवळाला भीती वाटायला हवी होती. पण तिचं तोंड उघडंच राहिलं. तिला वाटलं, एवढं मोठं सगळं माझ्या घराच्या इतक्या जवळ होतं?

आणि आला पहिला उतार.

पवळानं वचन दिलं होतं. तिनं वल्हं वर केलं. केलं मात्र, डोणी आडवी झाली. एक गिरकी, आणि धाड्! डोणी दोन दगडांच्या मधे जाऊन अडकली आणि पवळा उडून एका खडकावर पडली. कोपर फुटलं, गुडघा फुटला. वल्हं मात्र हातात तसंच होतं.

ती उठून बसते, तर शेजारी एक म्हातारी. हिरवं लुगडं. पांढरे केस.

"काय ग, पडलीस?"

"दिसतंय ना? आजी, सरका जरा. मला घाई आहे. डोणी सोडवायचीय."

म्हातारी हसली. ती हसली तशी कड्याची दोन्ही अंगं हसली. "घाई? माझ्यापुढं?"

तेव्हा पवळानं नीट पाहिलं. म्हातारीचे केस खांद्यावरून पाठीवर, पाठीवरून खडकावर आणि खडकावरून पाण्यात गेले होते. कुठं केस संपतात आणि कुठं फेस सुरू होतो, कळत नव्हतं. लुगड्याचा पदर वाहत होता.   ती कोण होती, ओळखलंत? हां. नदीच.

नदीनं विचारलं, "वल्हं वर का केलंस?"

"रीत आहे. तुमचा मान ठेवायला."

"मान?" नदी तिच्याकडं बघतच राहिली. "आणि मला वाटायचं, तुम्ही माझ्यावर रुसलात."

"म्हणजे?"

"अग, उतार आला की मी प्रत्येकाला म्हणते, हात दे, उतार मोठा आहे, मी नेते. वल्हं पाण्यात असतं तेव्हा तुमचा हात माझ्या हातात असतो. आणि नेमकं तेव्हाच तुम्ही हात काढून घेता. उंच धरता. मी धरू कुठं तुम्हाला?"

 पवळाला राग आला. अस्सा राग आला! "इतकी माणसं गेली. मग सांगितलं का नाही तुम्ही?"

"सांगते की," नदी म्हणाली. "दिवसरात्र ओरडून सांगते. तुमच्या गावापर्यंत ऐकू जातं. त्याचा अर्थ विचारायला कधी कुणी आलं का?"

पवळानं हातातलं वल्हं खाली ठेवलं. 

नदी उठली. "पांढरं असेल तिथं खाली दगड आहे. काळं, गुळगुळीत, जिभेसारखं पाणी दिसेल ती तुझी वाट. आधी थांब, बघ, मग जा. आणि काही झालं तरी हात सोडू नकोस." असं म्हणाली आणि खडकावरून घसरली. मागं नुसता ओला खडक.

पवळानं डोणी सोडवली. पाणी उपसलं. निघाली.

मग आला दुसरा उतार. पहिल्याच्या दुप्पट. या वेळी तिनं डोणी काठाच्या खडकाला लावली, वर चढली आणि पाणी बघितलं. पांढरं, पांढरं, पांढरं, आणि मधूनच एक काळी, चकचकीत वाट. डावीकडून आत, मोठ्या दगडाला वळसा, मग उजवीकडं. तिनं तीनदा बोटानं हवेत वाट काढली. मग डोणीत बसली आणि वल्हं पाण्यात खोल घातलं.

आणि काय सांगू तुम्हाला! तिला हात लागला. खरंच. वल्ह्याच्या पात्याला खालून कुणीतरी घट्ट धरलं. ती ओढायची, नदी ओढायची. डोणी कलली की ती वल्ह्यावर रेलायची, आणि पाणी तिला खालून उचलून धरायचं. दगड आला, गेला. लाट डोक्यावरून आली, गेली. आता डोणी पाण्याच्या पुढं धावत होती. पवळा ओरडत होती, पण ते भीतीनं नाही, हं.

उतार संपला आणि समोर उघडलं एक कुंड. चारी बाजूंनी सरळ कडे. मधे पाणी हिरवं, तळापर्यंत दिसणारं, आणि त्यात महाशीर मासे, शेकडो, सोन्याचे, एका दिशेला तोंड करून उभे. कुणी हलत नाही. वरून उन्हाचा एकच पट्टा येतोय आणि त्यांच्या पाठीवर पडतोय. पवळानं श्वास रोखला. आपल्या वल्ह्यावरून थेंब गळतात त्याचाही तिला संकोच वाटला.

आणि काठाच्या वाळूत, उंबराखाली, एक माणूस. दाढी छातीपर्यंत. डोक्याला फाटकं लाल मुंडासं. चिंध्या काढून काढून टोपीएवढं राहिलेलं.

"कोण ते?" माणूस म्हणाला.

"बाबा, मी."

हैबती उठला, लंगडत दोन पावलं आला आणि मटकन वाळूत बसला. त्याचा पाय मोडून वाकडा बसला होता. डोणी फुटली होती, वल्हं वाहून गेलं होतं. कडे चढता येईनात, पुढचा उतार पोहता येईना. तीन वर्षं उंबरं, मध आणि रानभाज्या खाऊन राहिला. मासे मात्र खाल्ले नाहीत. का? तर तेच एकटे वर जाणारे होते. दर श्रावणात एकेकाला पकडायचा, चिंधी बांधायचा आणि सोडायचा.

"किती मासे सोडले असतील बाबा?"

"साठ. सत्तर. एक तरी पोचेल म्हटलं."

"एकच पोचला."

"एक पुरतो ग."

मग दोघांनी आईनं दिलेल्या भाकऱ्या खाल्ल्या. तीन वर्षांनी भाकरी! हैबतीनं पहिला घास कितीतरी वेळ चावला. मग पुसतो काय, "घळीत वल्हं वर धरलं होतंस ना?"

बघा! पाय मोडला, डोणी फुटली, तीन वर्षं गेली, तरी विचारायचं तेच.

"धरलं होतं. म्हणून तर हे कोपर फुटलं." पवळानं त्याला सगळं सांगितलं. नदीनं काय सांगितलं तेही. हैबती ऐकत राहिला. मान हलवली. पण पटलं का? कोण जाणे.

तिथून बाहेर पडायची वाट एकच. तिसरा उतार.

दोघांनी खडकावरून तो पाहिला. पाणी तीन माणसं उंच खाली पडत होतं. खालचं दिसतच नव्हतं. नुसता धूर, आणि त्या धुरात एक इंद्रधनुष्य, पूर्ण गोल. अर्धं नाही, हं, आख्खं गोल, बांगडीसारखं. आणि काळी वाट बरोबर त्या बांगडीच्या मधून जात होती. हैबतीनं हात जोडले. पवळानंही जोडले. मग म्हणाली, "झालं? चला. आता हात लागणार आहेत."

पवळा पुढं, हैबती मागं. डोणी उताराच्या कडेला आली. आणि तेवढ्यात, पन्नास वर्षांची सवय ती, हैबतीचे हात आपोआप वर गेले. वल्हं डोक्यावर. डोणी आडवी व्हायला लागली.

पवळाला मागं बघायला वेळ नव्हता. पण डोणी वळली तसं तिला कळलं. ती जिवाच्या आकांतानं ओरडली, "बाबा, ती हात मागतेय! द्या तिला!"

हैबतीनं डोळे मिटले आणि वल्हं खाली, पाण्यात, खोल घातलं. डाव्या बाजूनं. डावखुरा ना तो! आणि पवळाचं वल्हं उजव्या बाजूला. दोन्ही अंगांनी नदीचे दोन्ही हात भरले. डोणी सरळ झाली. तिनं नाक खाली केलं. आणि गेली. पाण्यातून, धुरातून, त्या सात रंगांच्या बांगडीतून, खाली, खाली, खाली.

धप्प.

मग सगळं शांत. घळ मागं राहिली. पुढं रुंद पात्र, मऊ पाणी, आणि आभाळ पुन्हा आख्खं.  मग हैबतीनं विचारलं, एखाद्या लहान पोरानं विचारावं तसं, "आता वर करू का ग?"

"आता करा, बाबा."

दोघांनी वल्ही वर केली. दोन्ही हातांनी, डोक्यावर, उंच. पात्यांवरून पाणी गळून त्यांच्या चेहऱ्यावर पडलं. आणि मागं घळीत नदी गरजली. त्यांना वाटलं, ती हसली.

डोणी तिथंच काठाला बांधली. फास उलटा मारला. मग दोघं डोंगराला वळसा घालून चालत निघाली. हैबती लंगडा, म्हणून नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी सकाळी उतारवाडीत शिरली. खांद्यावर दोन वल्ही, आणि दोघं. ठकू काठावर उभीच होती. ती काय बोलली ते मला माहीत नाही. ते त्या तिघांचं.

सगळं गाव गोळा झालं. आबा काठी टेकत आले. हैबतीला पाहिलं, त्याच्या तोंडावरून हात फिरवला. मग पवळाला म्हणाले, "रीत पाळलीस?"

"पाळली. फक्त शेवटी पाळली. उतार संपल्यावर."

आणि तिनं सगळ्यांसमोर नदीचा शब्द न शब्द सांगितला. मी रुसले नव्हते. मी हात मागत होते. तुम्ही काढून घेत होता.

तिला वाटलं, आता आबा भांडणार. तिनं उत्तरंसुद्धा तयार ठेवली होती, चांगली झोंबणारी. पण आबा भांडले नाहीत. ते काठावर जाऊन खाली बसले.  मग म्हणाले, "माझा धाकटा भाऊ. सोळा वर्षांचा. वल्हं पाण्यात घालून झटत होता. काठावरून मीच ओरडलो, वल्हं वर कर."

पवळाच्या सगळ्या उत्तरांचं पाणी झालं. ती आबांच्या शेजारी बसली. मग आबांनीच हात पुढं केला, पाण्यात घातला आणि तसाच ठेवला.

त्या दिवसापासून उतारवाडीत पोरांना नवी रीत शिकवतात. आधी थांबायचं. पाणी बघायचं. उतारात हात सोडायचा नाही. आणि खाली पोचलं की वल्हं वर, मानाचं. पवळा पुढं किती जणांना घळीतून घेऊन गेली, त्याची मोजदाद नाही. पहिल्या खेपेला तिनं कुणाला नेलं, सांगू? आबांना. ते सगळ्या वाटेत ओरडत होते म्हणे. भीतीनं नाही, हं.

झाली गोष्ट. हैबती, ठकू, पवळा आणि ते सोन्याचे मासे, सगळे सुखात राहिले. टिकू, डोळे कशाला चोळतोस? ईरा, त्याचा हात धर. धरलास? आता बघा, उतार सगळे मागं पडले. पाणी मऊ झालं. आभाळ आख्खं आहे.

पोचलात तुम्ही. वल्ही वर करा, आणि झोपा.